अल्बम येईल तेव्हा येईल, तू कधी येणार?

पुन्हा तेच? गन्स अँड रोझेसचा नवा अल्बम कधी येणार, हे विचारायला क्लासला येतोस की गिटार शिकायला?

'चायनीज डेमोक्रसी' 2008 च्या नोव्हेंबरात आला. त्याआधीचा 'द स्पॅगेटी इन्सिडेंट' 1993 चा, आणि तोही दुसऱ्यांच्या गाण्यांचा. मध्ये पंधरा वर्षं. झोपेतून उठवलं तरी हे सगळं घडाघडा सांगशील. गिटारिस्ट स्लॅश आणि बेसिस्ट डफ 2016 मध्ये बँडमध्ये परतले, हेही. 2021 आणि 2023 ची सुटी गाणी जुन्या साठ्यातून काढून नव्याने घडवली, हेही. मग पेंटॅटॉनिक स्केलची दुसरी पोझिशन तेवढी आठवत नाही? कोणाला सांगतोस?

स्वतःला भक्त म्हणवतोस. आहेसच तू भक्त, आणि माझं दुखणं तेच आहे. 17 मे 2025 ला मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर त्यांचा कार्यक्रम होता, तेव्हा नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस गाठलीस. उन्हात ताटकळलास. रात्र जागून परत आलास. आळशी माणसाला हे जमत नाही. मग गिटार हातात घेतानाच अंगात आळस कुठून येतो?

बहाणे तरी किती! परीक्षा. पाऊस. शेजारचे ओरडतात. अ‍ॅम्प बिघडलाय. आता नवंच काढलंस: "अल्बम आला की त्यातलीच गाणी बसवतो, सर." 1987 च्या 'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन'मधली किती बसली? एक? तेही अर्धं. सोलो आला की तुझं बोट दुखायला लागतं.

स्लॅशला आजीकडून मिळालेल्या पहिल्या गिटारला एकच तार होती. तो त्या एका तारेवर वाजवत बसला. तुझ्या गिटारला सहा आहेत, सहाही गंजलेल्या. पुढे तो दिवसाचे बारा-बारा तास वाजवायचा. तुझे तास कुठे जातात? कोणीतरी कुठल्याशा स्टुडिओत दिसलं म्हणे, त्या बातमीमागे. याला भक्ती म्हणतात? देवळाच्या पायरीवर बसून चपला मोजतोयस तू. गाभाऱ्यात कधी जाणार?

गोदाकाठी ढोलपथकातली पोरं बघ. गणपतीच्या आधी कित्येक आठवडे सराव चालतो. हाताला फोड येतात, चिकटपट्टी लावतात, पुन्हा टिपरू उचलतात. कोणाच्या घोषणेची वाट बघत नाहीत. त्यांच्यातल्या कितीजणांना तुझ्यासारखा कान असेल? एकदा ऐकलं की तुला सूर सापडतो. 'अ‍ॅपेटाइट'च्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये गिटार अर्धा स्वर उतरवलेली आहे, हे मी सांगायच्या आधी तू ओळखलंस. वर्गात दुसऱ्या कोणालाही ते कळलं नव्हतं. म्हणून तुझ्यावर घसा कोरडा करतो. बाकीच्यांना मी इतकं बोलत नाही, ते जमेल तेवढं करतात. तू जमत असून करत नाहीस. आणि असा कान घेऊन ऐकतोस काय? अफवा!

उद्या संध्याकाळी सहाला ये. येताना नव्या तारांचा संच घे, माझ्यासमोर चढव. मग 'स्वीट चाइल्ड ओ माइन'ची सुरुवात, मेट्रोनोम साठवर. अडखळलास की पुन्हा पहिल्यापासून, आठ वाजले तरी चालतील. आणि फोन घरी ठेवून ये.