चुंबकाला न चिकटणारं पातेलं



गुरुपौर्णिमेच्या महाप्रसादासाठी स्टीलची मोठी पातेली घ्यायला आम्ही तिघी इथल्या बर्तन बाजारात गेलो होतो. पर्समध्ये फ्रिजवरचं चुंबक मी मुद्दाम ठेवलं होतं. दुकानदार हसला, "भाभी, चिपके तो समझो हलका माल."

म्हणजे आपण सत्संगात ऐकतो त्याच्या अगदी उलट! तिथे सद्गुरू म्हणजे लोहचुंबक, आणि खरं लोखंड आपोआप ओढलं जातं. जो ओढला जात नाही तो कोरडा, असं मीही कितीदा बोललेय. धाकट्या दिरांना तर तोंडावर म्हटलं होतं, "भाऊजी, तुम्ही लोखंड नव्हे, लाकूड आहात." ते एकदाही बैठकीला आलेले नाहीत.

घरी येऊन इंजिनिअर लेकीला विचारलं. न चिकटणाऱ्या चांगल्या स्टीलला 304 म्हणतात. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल आणि बाकी बहुतेक लोखंडच. गंमत बघा, लोखंड चुंबकाला चिकटतं, निकेलही चिकटतं, पण दोन्ही असलेलं पातेलं चिकटत नाही! निकेलमुळे आतल्या अणूंची मांडणीच बदलते. लोखंड कुठे गेलेलं नसतं. 430 स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसतं, म्हणून ते पटकन चिकटतं. वाईट तेही नाही. इंडक्शनला तर चुंबक धरणारा तळच लागतो. आणि दुकानदाराची परीक्षाही अर्धीच, कारण स्वस्तातलं 202 सुद्धा चिकटत नाही.

मग वरून ओढ दिसते की नाही, यावर माणसाचं माप काढावं का?

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा आठ महिने रात्री उठून त्यांची कूस बदलणं, कपडे बदलणं, सगळं भाऊजींनी केलं. मी तेव्हा केंद्रावर सेवेला जात होते. हे लिहिताना हात जड होतोय. कुणी म्हणेल, मग सत्संग हवाच कशाला? तसं मी मुळीच म्हणत नाही. माझ्या मनाला थारा मिळाला तो तिथेच. पण भाऊजींच्या आत काय आहे, हे मला माझ्या चुंबकाने कळणार होतं थोडंच?

पातेली चार घेतली, बिलावर 304 लिहून घेऊन. भाऊजी रविवारी जेवायला येताहेत. लाकूड म्हटलेलं ते विसरले नसतील. विषय मलाच काढावा लागणार.