दुर्बल अपराधी आणि न्यायाचे माप



समजा, आसनगावातील एका तरुणाचा हात कोणी तोडला. गुन्हा शाबीत झाला. परंतु गुन्हेगार अपंग, म्हणून शिक्षा सौम्य झाली. त्या तरुणाची आई विचारते, "त्याला पाय नाही, म्हणून माझ्या मुलाच्या हाताचे मोल कमी का?" तिला सब्रचा उपदेश करून गप्प करू नका. आपल्याकडे ही घाई फार होते. तिचा प्रश्न न्यायाचा आहे.

अबू दाऊद व इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहांत एक प्रसंग आहे. आजाराने हाडांचा सापळा झालेला एक मनुष्य व्यभिचाराचा दोषी ठरला. शंभर फटके सोसण्याची त्याच्यात शक्ती नव्हती. प्रेषितांनी (स.) शिक्षा रद्द केली नाही; शंभर काड्यांचा एक घोस घेऊन एकदाच मारावे, असे सांगितले. अपराध अपराधच राहिला, शिक्षा मात्र देहाला झेपेल अशी झाली.

बुद्धीचे दौर्बल्य याहून निराळे. ह. उमर (रजि.) यांच्यापुढे एका वेड्या स्त्रीला शिक्षेसाठी आणले असता ह. अली (रजि.) यांनी, भान हरपलेल्याच्या कर्मांची नोंद होत नाही, याची आठवण दिली. तिला सोडण्यात आले. भारतीय न्याय संहितेचे कलम २२ हेच तत्त्व मानते. महाराष्ट्रातील एका खटल्यात, शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मनोविकारामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फाशीऐवजी आमरण कारावास दिला. तुरुंगाचे दार उघडले नाही, हे ध्यानात घ्या.

मग त्या आईने काय करावे? शिक्षा अपुरी आहे म्हणून अपील करण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१८ नुसार शासनाला आहे. पीडिताला या कारणासाठी स्वतः अपील करता येत नाही. तिने सरकारी वकिलाकडे लेखी विनंती करावी. मात्र असे अपील झाले की आरोपीलाही निर्दोषत्वाची वा शिक्षा कमी करण्याची मागणी करता येते, हे आधीच समजून घ्यावे.

आणि अर्ज लिहिण्यापूर्वी सूरह अल्-माइदाची आठवी आयत वाचावी. कोणाचे वैरही आपल्याला अन्यायाकडे नेऊ नये, अशी तेथे ताकीद आहे. अपंगत्वाचा गुन्ह्याशी संबंध होता का, वैद्यकीय अहवाल न्यायालयाने तपासला का, हे अर्जात जरूर विचारा. 'लंगडा', 'वेडा' हे शब्द तेवढे त्यात येऊ देऊ नका.