मताचे गाव कोणते?

देवळात संकल्प सोडताना आपण आपले नाव व गोत्र उच्चारतो. आपण कोणाचे, याचे ते उत्तर होय. मतदारयादी मात्र निराळाच प्रश्न विचारते : आपण राहता कोठे? हैदराबादेत हिमायतनगरात बिऱ्हाड असलेल्या, परंतु कुलदैवत गोव्यात वा मराठवाड्यात असलेल्या कुटुंबाला या दोन प्रश्नांतील भेद नीट ओळखावा लागतो.

गोव्यातील देवस्थानांचे महाजनपण जन्माने येते. महाजनांच्या नोंदवहीत ज्याचे नाव, तो देवस्थान समितीच्या निवडणुकीत मत देतो. पोर्तुगीज अमदानीतील १९३३ च्या नियमावलीने ही व्यवस्था कायद्यात बांधली. महाजन शेकडो मैल दूर गेला तरी त्याचा हक्क राहतो. गावात सारे आयुष्य घालविलेला उपरा मात्र महाजन होत नाही. कुळाच्या संस्थेला हे शोभते.

राष्ट्राची रीत याहून भिन्न आहे. घटनेच्या ३२५ व्या कलमान्वये केवळ धर्म, वंश, जात वा लिंग या कारणावरून कोणालाही यादीबाहेर ठेवता येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे अठरा वर्षांच्या नागरिकाचे नाव तो सामान्यतः राहतो तेथे, एकाच मतदारसंघात आणि एकदाच नोंदले जाते. (१९८९ पूर्वी ही वयोमर्यादा एकवीस होती.) गावी वडिलोपार्जित घर आहे, एवढ्यावरून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही.

तरीही पुष्कळजण मायेपोटी आपले नाव गावच्या यादीतच राहू देतात. ही माया खोटी नव्हे. परंतु मत म्हणजे मायेची भेट नव्हे. तो एक निर्णय आहे आणि त्याचे फळ कोणाला तरी भोगावे लागते. ज्या विहिरीचे पाणी आपण पीत नाही, तिच्याविषयी निवाडा द्यायचा आणि ज्या नळाचे पितो, त्याविषयी मुके राहायचे, हे न्यायाचे कसे?

येथे एक आक्षेप रास्त आहे. तात्पुरता परगावी गेलेला विद्यार्थी वा मजूर मनाने आणि व्यवहाराने गावचाच असतो. कायदाही तात्पुरत्या गैरहजेरीमुळे त्याचा रहिवास तुटला असे मानीत नाही. मात्र मत देण्यासाठी त्याला स्वतः गाव गाठावे लागते, आणि ज्याला रजा वा गाडीभाडे परवडत नाही, त्याचा हक्क कागदावरच राहतो. हे वैगुण्य व्यवस्थेचे आहे. त्याला दोष देता येणार नाही. पण तीस-तीस वर्षे येथे नांदणाऱ्या आपणांस ती सबब कशी लाभावी?

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला व हैदराबाद आंध्र प्रदेशात आले; २०१४ साली तेलंगण झाले. हिमायतनगर नावाचा विधानसभा मतदारसंघही २००९ पासून उरला नाही. सीमा व नावे बदलली, शेजार राहिला. त्या शेजाराचे प्रश्न ठरविणाऱ्या २०२० च्या महानगरपालिका निवडणुकीत निम्म्याहून कमी मतदारांनी मत दिले.

कुलदेवतेच्या दर्शनाला आपण जातोच, जावेच. परतल्यावर नाव या शहराच्या यादीत आणण्यासाठी नमुना आठचा अर्जही भरावा. नाते जन्माने मिळते; शेजारधर्म मात्र राहत्या ठिकाणीच पाळावा लागतो.