जुमाची नमाज: अजान होताच व्यवहार थांबवा

शुक्रवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक असते, कॉलेजात तास असतो. ‘खुतबा चालू असेल, दोन रकअतींना पोहोचू’ असे म्हणत आपल्यापैकी कित्येक जण शेवटच्या क्षणी मस्जिदीत धावतात. मीही असे केले आहे. म्हणूनच मदीनेतील एक प्रसंग आपण ध्यानात ठेवू या.

प्रेषित मुहम्मद (स.) उभे राहून जुमाचा खुतबा देत होते. तेवढ्यात व्यापारी काफिला आला आणि बरेच लोक उठून तिकडे गेले. हदीसनुसार फक्त 12 जण उरले. दिव्य कुरआनच्या सूरह जुमाची (62) शेवटची आयत याच प्रसंगाविषयी आहे. त्याआधीच्या दोन आयतींत अल्लाहचा आदेश आहे: अजान झाली की खरेदी-विक्री सोडा व अल्लाहच्या स्मरणाकडे या, नमाज आटोपली की पुन्हा रोजी शोधायला निघा. म्हणजे व्यापार निषिद्ध नाही. फक्त तेवढा वेळ अल्लाहचा आहे.

मग जुमा कशी अदा करावी? स्नान करून स्वच्छ कपडे घाला, दात घासा, अत्तर असेल तर लावा. लवकर निघा आणि लोकांच्या खांद्यांवरून पुढे न जाता मिळेल त्या जागी बसा. सुन्नत नमाज अदा करा. इमाम दोन भागांत खुतबा देतात व मध्ये थोडे बसतात. त्या वेळी बोलू नका. शेजाऱ्याला ‘गप्प बस’ म्हणणेही व्यर्थ बोलण्यात मोडते. मोबाइलही बंद ठेवा.

खुतब्यानंतर इमामांच्या मागे, खांद्याला खांदा लावून, जुहरऐवजी दोन रकअत फर्ज अदा करा. एकच रकअत मिळाली तर सलामनंतर उठून दुसरी पूर्ण करा. जमाअत पूर्ण चुकली तर जुहरच्या चार रकअती अदा करा. स्त्रिया, आजारी व प्रवासी यांच्यावर जुमा अनिवार्य नाही. ते सामील झाले तर त्यांचीही जुमा होते.

बंधू-भगिनींनो, हदीसमध्ये आहे की मस्जिदीच्या दाराशी फरिश्ते येणाऱ्यांची नावे क्रमाने लिहितात आणि इमाम खुतब्यासाठी आले की नोंदवही मिटून खुतबा ऐकू लागतात. दुकानाचा हिशोब संध्याकाळीही जुळवता येतो. त्या वहीत आपले नाव मात्र ती मिटण्याआधीच लागायला हवे. येत्या शुक्रवारी अर्धा तास आधी निघू या. अल्लाह आपणा सर्वांना सद्बुद्धी देवो. आमीन.