इमारत मिळेल, वर्षाचा खर्च मागा

चि. बाळ,

पिंपरी-चिंचवडच्या मोशीत सार्वजनिक ग्रंथालयाची शाखा व्हावी म्हणून तुम्ही मंडळी सह्या गोळा करता आहात, हे वाचून फार आनंद झाला. माझी सारी नोकरी ग्रंथालयात गेली, म्हणून हक्कानं चार गोष्टी सांगतो.

इमारतीसाठी सगळी ताकद खर्च करू नका. भूमिपूजन, कोनशिला, उद्घाटन यांत सगळ्यांनाच रस असतो, त्यामुळे इमारत आज ना उद्या होते. अवघड असतं ते पुढचं: ग्रंथपालाचा पगार, वीजबिल, वर्तमानपत्रं, दरवर्षीची नवी पुस्तकं. तमिळनाडूत आणि कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेतात, म्हणून तिथे ग्रंथालयांना हक्काचा पैसा आहे. आपल्या महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात तो उपकर नाही. महापालिका अधिनियमातही पाणी, गटारं, रस्ते ही बंधनकारक कामं, ग्रंथालय ऐच्छिक. पैसा कमी पडला की कात्री आधी ऐच्छिक कामांना लागते.

म्हणून निवेदनात नुसतं 'ग्रंथालय बांधा' असं लिहू नका. शाखेसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, ग्रंथपालाचं मंजूर पद आणि दरवर्षी ग्रंथखरेदीची तरतूद, या तिन्ही मागण्या स्पष्ट शब्दांत मांडा. अंदाजपत्रकाची तयारी हिवाळ्यातच सुरू होते, तेव्हा दिवाळी झाली की अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

नुसत्या सह्यांना फारसं वजन नसतं. प्रत्येकाला विचारा: किती वाजता याल, काय वाचाल, घरात मुलं किती? मोशीतली कितीतरी माणसं चाकणच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करतात. सेकंड शिफ्टवाल्याला सकाळ मोकळी, फर्स्टवाल्याला संध्याकाळ. लातूर-नांदेडहून आलेला आहे, तसा बिहारहून आलेलाही आहे. त्याला हिंदी पुस्तकं लागतील. असा घराघरातून भरून आणलेला कागद अधिकाऱ्यासमोर ठेवलात, तर त्याला वेळापत्रकही कळेल आणि खर्चही.

स्पर्धा परीक्षा देणारी मुलं म्हणतील, आम्हाला अभ्यासिका हवी. त्यांची गरज खरी आहे आणि धावपळ करायला तीच सगळ्यांत पुढे येतील, त्यांना बरोबर घ्या. पण सगळी जागा खुर्च्यांनी भरू देऊ नका. दुपारी घरी असणारी बाई, निवृत्त कामगार, चौथीतला मुलगा यांना कपाटापर्यंत पोहोचता आलं नाही, तर त्याला मी ग्रंथालय म्हणणार नाही.

कंपन्यांकडेही जरूर जा. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या सातव्या अनुसूचीत सामाजिक दायित्वाच्या कामांमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा स्पष्ट उल्लेख आहे. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के अशा कामांवर खर्चावे लागतात, आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. त्यांच्याकडे कपाटं, संगणक, पहिल्या खेपेची पुस्तकं मागा. पगार मात्र त्यांच्या भरवशावर ठेवू नका. कंपनीनं पुढच्या वर्षी दुसरा प्रकल्प घेतला की कुलूप लागेल.

आणि स्वतः वर्गणी काढा. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, तेव्हा गावांसाठी रीत अशी होती की लोकांनी रक्कम जमवायची, मग तितकीच पंचायतीनं आणि तितकीच सरकारनं घालायची. घरटी थोडेच रुपये निघाले तरी चालतील. ज्यानं पैसे दिले, तो पुढे दार बंद दिसलं की जाब विचारायला येतो. मला तरी हा मार्ग आजही सगळ्यांत भक्कम वाटतो.

एक राहिलं. आतापर्यंतच्या बैठका तुम्ही सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये घेतल्यात. मोशी 1997 साली महापालिकेत आली, पण गावठाणातली जुनी घरं अजून गाव म्हणूनच एकत्र येतात. पुढची बैठक नागेश्वर महाराजांच्या देवळात घ्या, आणि बोलायला आधी गावठाणातल्या लोकांना उभं करा.

तुझा,
मामा