मानभाव आणि लोलार्ड

गोड बोलून भावाची जमीन घशात घालणाऱ्या गृहस्थाविषयी कासूच्या फलाटावर, रोह्याच्या गाडीची वाट पाहताना, ‘मोठा मानभावी हो!’ असा शेरा कोणी मारला, तर त्या शब्दामागे तेराव्या शतकातील एक अख्खा धर्मपंथ उभा आहे, याची वार्ताही बोलणाऱ्यास बहुधा नसते. ‘महानुभाव’ ही मूळची आदराची संज्ञा. परंतु पंथप्रवर्तक चक्रधरांच्या अनुयायांनी वर्णभेद झुगारला, स्त्रियांस संन्यासाचा अधिकार दिला आणि धर्मचर्चा संस्कृतातून मराठीत आणली, तेव्हा समाजाने त्यांच्या नावाचा ‘मानभाव’ केला व पुढे त्याचा अर्थच ढोंगी असा फिरविला.

इंग्लंडातही असेच घडले: तेथे धर्मसुधारक जॉन विक्लिफच्या अनुयायांस ‘लोलार्ड’ म्हणत. हा शब्द पुटपुटणे या अर्थाच्या जुन्या डच धातूवरून आला असून, आजाऱ्यांची शुश्रूषा व प्रेतांचे दफन करणाऱ्या तिकडील धर्मबंधूंस तो आधीच चिकटलेला होता. 1382 साली ऑक्सफर्डात हेन्री क्रम्प या धर्मपंडिताने तो विक्लिफपंथीयांवर उघड फेकला, तेव्हा शांतताभंगाच्या आरोपावरून विद्यापीठाने त्यालाच निलंबित केले. पण 1401 मध्ये पाखंड्यांस जिवंत जाळण्याचा कायदा झाला, तोवर शब्द पक्का रुजला होता. लॅटिनमधील ‘लोलियम’, म्हणजे गव्हातले तण, याच्याशी कोटी करण्याची सोय धर्मपंडितांच्या पथ्यावरच पडली.

दोन्ही ठिकाणी विरोधकांच्या ध्यानात राहिला तो सिद्धांत नव्हे, आवाज. तिकडे पुटपुट ऐकू आली, इकडे मृदू भाषण. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण नीट पाहावी: तीत खोटा ठरतो तो कसाबाची करणी करणारा, मानभावाची बोलणी नव्हे; मुंगीही पायाखाली येऊ न देणाऱ्या पंथाच्या सौम्यतेची ती, माझ्या मते, प्रतिपक्षाने अनवधानाने दिलेली साक्षच होय. तथापि म्हणीतला दोषी निसटला आणि साक्षीदारावर आरोप शाबीत झाला.

लोलार्ड हा शब्द आता इतिहासाच्या दप्तरात जमा आहे. आपल्याकडे मात्र पंथही नांदतो आणि शब्दही. ज्या ऋद्धपुरात शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापिले, तेथील महानुभावांस, ज्यांच्या म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ रचून मराठी गद्याचा पाया घातला, त्याच मराठीत आपल्या नावाची शिवी आजही ऐकावी लागते.