उघड्या फांदीवरचं अंडं

आजचे वचन : मत्तय ६:२५-२६



चिंतेविषयी बोलताना प्रभू येशूने पक्ष्यांकडे बोट दाखवलं. हा भाग आपण पुष्कळदा वाचतो, पण पक्ष्याकडे पाहायचं मात्र राहून जातं. आज एकाकडे नीट पाहू या.

हवाई बेटांवरच्या होनोलुलू शहरात पांढरा सुरय हा समुद्रपक्षी राहतो. तिथे त्याला मानु-ओ-कू म्हणतात. शुभ्र पिसं, टपोरे काळे डोळे. हा पक्षी घरटं बांधतच नाही! रस्त्याकडेच्या झाडाच्या उघड्या फांदीवर मादी एकच अंडं घालते. ना काडी, ना गवत. खालून गाड्या धावत असतात.

त्याचा फोटो काढायचा तर लांबूनच, मोठी लेन्स लावून. पक्षी दचकून उडाला तर अंडं खाली पडू शकतं. पण धीराने थांबलं की एकेक गोष्ट दिसू लागते. अंडं फांदीवरच्या लहानशा खळग्यात ठेवलेलं असतं. आईबाप आळीपाळीने सुमारे पाच आठवडे ते उबवतात. पिल्लू जन्मतं तेच मजबूत नख्या घेऊन, वाऱ्यातही फांदी घट्ट धरून बसतं. मग समुद्रावरून चोचीत आडवे धरलेले मासे येतात.

आणि झाडाच्या बुंध्याला निळी फीत दिसते. झाडं छाटणाऱ्यांनी ती फांदी तोडू नये म्हणून स्वयंसेवकांनी बांधलेली. पक्ष्याला तिचा पत्ताही नसतो.

कुणाच्या भाड्याच्या घराचा करार संपत आलाय, कुणाच्या मुलाची नोकरी गेलीय. आपली फांदी उघडीच आहे असं वाटतं ना? विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. हा पक्षीही खळगा शोधतो, उबवतो, मासे आणतो. तरी काही अंडी पडतातच. चिमणी कधी पडणारच नाही, असं प्रभूने सांगितलं नाही. ती पडते तेव्हाही पित्यावाचून पडत नाही, हे मत्तय १०:२९ मध्ये आहे. आपला आधार तोच.

आज ओळखीतल्या एका काळजीत असलेल्या घराला फोन करा. त्यांच्या झाडाला निळी फीत बांधायचं काम कदाचित तुमचंच असेल.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, न दिसणाऱ्या तुझ्या काळजीवर विसंबायला आम्हाला शिकव आणि दुसऱ्यांची काळजी घ्यायला आमचे हात वापर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.